उसना वेल

पुण्याच्या स्टेशनावर गाडीत बसलो तेव्हाच मी दमलेला होतो. प्रवासाने माणूस दमतो असं लोक म्हणतात. मी प्रवासाच्या नुसत्या कल्पनेने दमतो. त्यातून हा प्रवास माझ्या हौसेचा नव्हता. माझे जुने मास्तर वामनराव, त्यांनी शोधलेला एक वेल आणि समुद्रापलीकडचा एक संपादक, ह्या तिघांच्या कामासाठी माझे गुडघे झिजायचे होते.

हकीकत अशी. वामनराव सांगलीच्या शाळेत शास्त्र शिकवत, आणि सुटी लागली की पाठीला पिशवी लावून डोंगर धुंडाळत. तीसेक वर्षांपूर्वी जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या राईत (देवाच्या नावाने राखलेल्या रानात) त्यांना एक बारीक वेल दिसला. तो त्यांच्याजवळच्या कुठल्याच पुस्तकात बसेना. मग ज्यांच्याजवळ दुसरी पुस्तकं होती त्यांना पत्रं गेली. उत्तर यायला महिने लागत, आणि उत्तरात बहुतेक वेळा आणखी तिसऱ्याच कुणाला तरी लिहा म्हणून सांगितलेलं असे. असं करता करता मास्तरांचे केस पांढरे झाले, पण वेल शास्त्राला नवा आहे एवढं ठरलं.

आता नव्या वनस्पतीचं बारसं म्हणजे काही आत्याबाईंच्या हातचं काम नाही. त्याचे नियम परदेशातल्या परिषदांत ठरतात. वर्णन छापलं पाहिजे, आणि ते लॅटिनमध्ये पाहिजे. मास्तरांनी मिरजेच्या एका पाद्रीबाबांकडे जाऊन जाऊन लॅटिन करून घेतलं. जावळीच्या डोंगरातला वेल, सांगलीच्या मास्तराने पाहिलेला, आणि वर्णन अशा भाषेत की जी आज कुणाच्याही घरात बोलली जात नाही! लेख पाठवला आणि लढाई सुरू झाली. ते टपाल बहुधा बोटीबरोबर बुडालं. लढाई संपल्यावर मी पुण्याहून दुसरी प्रत पाठवली, तेव्हा कुठे संपादकाचं उत्तर आलं.

उत्तर फार सभ्य होतं. ह्या कुळातल्या साऱ्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ उन्हाळ्यात छापायला जातो आहे. त्यात आपला वेल आनंदाने घेऊ. मात्र फुलाचा आणि फळाचा असे दोन्ही वाळवलेले नमुने पाठवावेत. ते आमच्या संग्रहालयात कायमचे राहतील. नुसत्या चित्रावर भागणार नाही. मास्तरांपाशी होती ती फुलावर आलेली एकच डहाळी. फळ त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, आणि आता काचबिंदूने त्यांचे डोळे गेले होते. म्हणून हिवाळ्यात, फळं धरण्याच्या दिवसांत, मी निघालो होतो. वेलाला ते आपल्या पत्नीचं, जानकीबाईंचं नाव देणार होते. जानकीबाई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांचं नाव छापलेलं ऐकायचं एवढी एकच इच्छा मास्तरांना उरली होती.

सातारा रोड स्टेशन गेलं तेव्हा मी खिडकीतून डोंगरांकडे पाहिलं आणि चरफडलो. जायचं होतं तिथेच, पण त्या आधी सांगलीला जाऊन ती डहाळी घ्यायची, ताडून पाहायला बरोबर न्यायची आणि एवढं अंतर परत उलटं यायचं. मिरजेला गाडी बदलून सांगलीला उतरलो तोवर डोळ्यांत इंजिनाच्या कोळशाचे कण जाऊन ते लाल झाले होते.

मास्तरांचं घर कृष्णेच्या जवळ, गावभागात आहे. त्यांच्या सुनेने, सुमतीबाईंनी, कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि कवडी पडलेलं दही वाढलं. साखर रेशनवर, चहा गुळाचा. पण त्या भरिताने माझा अर्धा शीण गेला. मास्तर पानाशेजारी पाटावर बसून होते. मी काय खातो आहे ते त्यांना आवाजावरून कळत असावं, कारण भरीत संपलं की तेच सुनेला आणायला सांगत.

जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून नमुन्याचा कागद काढायला लावला. मी तो लहानपणी पाहिला होता. पण आता वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहिला. आम्ही कॉलेजात डिंकाच्या पट्ट्या लावून नमुने चिकटवतो. हा पांढऱ्या दोऱ्याने टाचलेला होता. जानकीबाईंची ती रीत. मास्तरांनी डोंगरातून आणायचं, टिपकागदात दाबून वाळवायचं, आणि जानकीबाईंनी संध्याकाळी दिवा लागायच्या आत बसून टाके घालायचे. टाके अगदी सैल, काडीला जाच होऊ नये असे. वेलाचं एकेक वळण त्यांनी धरलं होतं.

मास्तरांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. मधे हात नेला नाही. वाळलेलं पान बोट लागलं तरी मोडतं, म्हणून ते इतकी वर्षं कडेलाच हात लावत आले होते.

“जप हो,” ते म्हणाले. “एवढंच आहे.”

सुमतीबाईंनी वाटेसाठी भडंगाची पुडी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी मी ती खात खात परत उत्तरेकडे निघालो, मांडीवर पुठ्ठ्यात बांधलेला कागद घेऊन.

साताऱ्याहून मेढ्याला जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. लढाई संपली तरी पेट्रोलचा दुष्काळ संपलेला नव्हता. मागे एक भट्टी, तिच्याशेजारी भाता फिरवणारा क्लीनर, आणि आत आम्ही, काळवंडत बसलेले. चढ लागला की मोटार दम सोडी. मग ड्रायव्हर नुसता मागे वळून पाही, आणि सगळे पुरुष निमूटपणे खाली उतरून ढकलायला लागत. मी पुठ्ठा छातीशी धरून एका हाताने ढकलत होतो. ते शेजारच्या गृहस्थाच्या नजरेत आलं.

हे गृहस्थ म्हणजे हवालदार किसनराव. पलटणीतून नुकतेच सुटून आलेले, इटलीपर्यंत जाऊन आलेले, अंगात अजून खाकी कोट. “काचंचं सामान हाय का त्यात?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि मोटार थंड होईपर्यंत वेळ घालवायचा म्हणून पुठ्ठा उघडून दाखवला. मी कुठल्या वाडीला जातोय, कुणाकडून आलोय हेही सांगितलं. वाडी त्यांचीच निघाली. त्यांनी कागदाकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. मला वाटलं, टाक्यांचं कौतुक असेल.

मेढ्याला मी धर्मशाळेत पाठ टेकली. किसनराव थांबायला तयार नव्हते. ते लगेच चालत वाडीला गेले. सकाळी मी वेण्णेच्या काठाने निघालो आणि चढाला लागलो. वाट सोपी नव्हती. एका ओढ्यात पाय घसरून मी बसलोच; वहाणेचा अंगठा तुटला आणि पुढची सारी वाट मी एका पायाने लंगडत आणि तोंडाने पुटपुटत चढलो. रान सुंदर होतं, हे मला लिहिलं पाहिजे. पण खरं सांगायचं तर मी दगडांशिवाय फारसं काही पाहिलं नाही.

वाडी दिसली आणि मी थबकलो. राईच्या तोंडाशी बायामाणसं जमली होती. जागा शेणाने सारवलेली, कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. पुढे किसनराव आणि त्यांच्या शेजारी राईचे पुजारी धोंडी गुरव, माझ्याच वयाचे, किडकिडीत. त्यांनी वाकून नमस्कार केला. मला नव्हे, माझ्या हातातल्या पुठ्ठ्याला.

हळूहळू उलगडा झाला. ह्या राईतून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा दंडक आहे. वाळकं लाकूड पडलं तरी तिथेच कुजू द्यायचं. फक्त कुणी आजारी असलं तर औषधापुरता पाला किंवा मूळ देतात, आणि तेही उसनं. नेणाऱ्याने देवाच्या चौथऱ्यावर एक दगड ठेवायचा. काम झालं की उरलेली काडी आणून राईत टाकायची आणि दगड उचलायचा. एका झाडाचा दगड चौथऱ्यावर असेल तोवर त्या झाडाचं दुसरं काही मिळत नाही. वामनरावांनी धोंडी गुरवांच्या वडिलांकडे डहाळी मागितली ती अभ्यासाला म्हणून, आणि काम झालं की आणून देतो असं सांगून. आता त्यांचा माणूस वेल घेऊन आला, म्हणजे काम झालं. ह्यांच्या हिशेबात दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

गुरवांनी मला चौथऱ्यापाशी नेलं. आत गारवा होता आणि अंधारल्यासारखं होतं. चौथऱ्यावर एकच दगड होता. शेवाळाने तो हिरवा झाला होता आणि त्याची खालची बाजू मातीत रुतली होती.

“मास्तरांचा,” गुरव म्हणाले. “आमचं आबा जाताना बी सांगून ग्येलं, ह्यो हलवायचा न्हाई. मानूस येनार हाय.”

मी तिथल्या एका मुळावर बसलो. गुडघे दुखत होतेच. आता मनही दुखू लागलं. मी सगळं खरं सांगितलं. काम झालेलं नाही. मी हे परत द्यायला आलेलो नाही. उलट फळासकट आणखी एक डहाळी न्यायला आलो आहे. दोन्ही परदेशात पाठवायच्या आहेत. तिथल्या संग्रहालयात काचेच्या आणि लोखंडाच्या कपाटांत अशा लाखो डहाळ्या जपून ठेवलेल्या आहेत, किडामुंगीसुद्धा लागत नाही, साऱ्या जगातून तिथे येतात. बोलता बोलता माझं मलाच ते कुठल्या तरी दुकानाच्या जाहिरातीसारखं वाटायला लागलं. बायका ताटं घेऊन तशाच उभ्या होत्या.

किसनरावांनी टोपी सावरली. “तिकडं ग्येल्यालं परत येतं का, सायेब?”

“नाही. तिथेच राहतं. कायमचं.”

“कुनासाटी?”

“ज्याला बघायचं असेल त्याच्यासाठी. अभ्यास करणाऱ्यांसाठी.”

“आन आमाला बघावं वाटलं तर?”

बोटीने जावं लागेल असं मी म्हणालो. किसनराव बोटीने जाऊन आलेले होते. त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं. मग ते म्हणाले, “त्यापरीस त्येंलाच हिकडं बोलवा की. आमी दावतो. भाकरी घालतो. लय लांबून येनार, तर ऱ्हातील चार दिस.”

मी वर पाहिलं. माझ्या डोक्यावरच, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर, तो वेल होता, आणि त्याला बोंडं धरली होती. कुठल्याही शास्त्रज्ञाने आजवर न लिहिलेली ती बोंडं वाऱ्याने हलत होती. धोंडी गुरव माझी नजर ओळखून म्हणाले, नेताय तर न्या, अडवत नाही. पण आधी पहिलं आलं पाहिजे. फूल ठेवा आणि फळ न्या.

मला दोन्ही हवी होती. संपादकालाही दोन्ही हवी होती, आणि कायमची. राईचा नियम असा की एका वेळी एकच बाहेर जाईल आणि तेही परत येईल. दोन्ही नियमांत मी पुष्कळ फट शोधली. नव्हती. पुठ्ठा उचलून चालू लागलो असतो तर कुणी हात धरला नसता. पण तो दगड इतकी वर्षं माझ्या मास्तरांच्या शब्दावर तिथे बसून होता, आणि तो पाहून झाल्यावर मला उठवेना. फळ तरी मास्तरांच्या हाताला लागू दे, एवढा विचार केला आणि मी पुठ्ठा सोडला.

गुरव कागदासकट घेईनात. कागद देवाचा नाही, दोराही नाही. काडी काय ती देवाची, असं त्यांचं म्हणणं. मी खिशातला चाकू काढला आणि पहिल्याच टाक्याशी हात थांबला. टाके कापायचं मला जमेना. मग खाली बसून एकेक तुकडा मी टाक्यातून हलकेच सरकवून काढू लागलो. टाके सैल होते म्हणून ते शक्य झालं. पानं मोडली, फूल चुरलं, पण दोरा तुटला नाही. तो चुरा गुरवांनी ओंजळीत घेऊन वेलाच्या बुडाशी टाकला. नारळ फुटला. हिरवा दगड उचलला तेव्हा त्याखालून एक गोम पळाली आणि बायका हसल्या. मग बोंडांची एक डहाळी मला मिळाली, आणि चौथऱ्यावर मी माझा दगड ठेवला.

किसनरावांच्या घरी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवलो. त्यांनी माझ्या वहाणेला सुतळीचा अंगठा करून दिला. उतरताना तो एकदाही तुटला नाही.

सांगलीच्या दारात मी पुन्हा उभा राहिलो तेव्हा माझी पावलं उंबऱ्याशी घुटमळत होती. मास्तरांना काय सांगायचं हे साऱ्या वाटेत ठरवून मी दहादा मोडलं होतं. शेवटी नुसती डहाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोंड चाचपलं. पाच कंगोरे, त्यावर बारीक लव. कानाशी नेऊन हलवलं. आत बी खुळखुळलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“असं असतं होय रे हे!” ते म्हणाले. “आणि फूल? फूल नीट आहे ना?”

मी सगळं सांगितलं. दगडाचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली डहाळी मांडीवर ठेवली. सुमतीबाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

“बोललो होतो खरा,” मास्तर हळूच म्हणाले. “आणून देतो म्हणालो होतो. मला वाटलं, बोलण्यापुरतं. त्यांनी ते धरून ठेवलं.”

मी म्हणालो, फळ पाठवून पाहू. फुलाचं चित्र आहे. मी विनवणीचं पत्र लिहीन. ते नको म्हणाले. फळ गेलं तर परत येणार नाही, आणि मग तुझा दगड तिथे राहील. माझा राहिला तेवढा पुरे. त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि पत्र सांगितलं. ते अगदी लहान होतं. नमुना त्याच्या जागी, वेलावर आहे. फूल आणि फळ दोन्ही ज्या त्या ऋतूत पाहायला मिळतात. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी यावं. मेढ्यापर्यंत मोटार येते. पुढे चालावं लागतं. राहण्याजेवण्याची सोय गावकरी करतील.

“मास्तर, असल्या पत्रावर ते वेल छापणार नाहीत. ग्रंथात जानकीबाईंचं नाव येणार नाही.”

“मला कळतं ते. वाडीचं नाव मात्र नीट लिही.”

मग मी पिशवीतून तो रिकामा कागद काढला. काडी काढून घेतली तरी टाके तसेच होते, हे मी सांगितलं आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी नेहमीसारखी कडेवर बोटं ठेवली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हात कागदाच्या मधोमध नेला. आता तिथे मोडण्यासारखं काही नव्हतं. बोट खालच्या टाक्यापासून निघालं आणि वर वर सरकू लागलं.

“इथे वळला,” ते म्हणत होते. “इथे पान. इथे दुसरं. हिने एकही वळण सोडलेलं नाही रे.”

मी खिडकीपाशी जाऊन नदीकडे पाहत उभा राहिलो. मला रडू आलं होतं आणि ते आवाजावरून त्यांना कळू नये अशी माझी खटपट चालली होती.

पत्र मी सांगलीच्याच पोस्टात टाकलं. परतीचं तिकीट पुण्याचं होतं, पण सातारा रोडला गाडी थांबली तेव्हा पिशवी घेऊन उतरलो. पुन्हा तीच कोळशाची मोटार, तेच ढकलणं, तोच ओढा. राईत डहाळी टाकली, माझा दगड उचलला आणि पुण्याच्या वाटेला लागलो. घरी पोचलो तो तापच घेऊन. बायकोने विचारलं, काय आणलंत? मी म्हणालो, काही नाही.

संपादकाचं उत्तर पावसाळ्यात आलं. ग्रंथ छापायला गेला आहे. नमुन्यांअभावी आपली वनस्पती घेता आली नाही, ह्याबद्दल खेद वाटतो. पत्राइतकाच तो खेदही सभ्य होता. मला त्याचा राग आला नाही. तो माणूस त्याच्या दंडकाने वागला. पण आमच्या कॉलेजच्या कपाटात डिंकाच्या पट्ट्यांनी चिकटवलेले नमुने पाहताना अलीकडे मला प्रश्न पडतो, की हे सारं मी कुठून कुठून उचलून आणलं, आणि तिथे कुठे माझ्या नावाचा दगड पडलेला नसेल ना.

सुमतीबाईंचं पत्र कधीमधी येतं. मास्तर बरे आहेत म्हणून लिहितात. दुपारी कागद मागून घेतात, मांडीवर ठेवतात आणि वेल वाचत बसतात.